विद्यापीठांचे कॅम्पस विकास आराखडे आणि 'नेटवर्किंग'चं तिकीट: जावं का?

एमईपीवाला

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमची छोटी फर्म आहे, ऑफिस वाकडला. प्लंबिंग, फायर फायटिंग आणि थोडंफार इलेक्ट्रिकल. आजवरचं सगळं काम हाऊसिंगचं. बिल्डर मंडळी पैसे कसे सोडतात ते इथे वेगळं सांगायला नको. बरेच दिवस मनात आहे की संस्थांच्या कामात शिरावं: हॉस्टेल, लॅब, ग्रंथालय. पुण्याच्या चारी बाजूंना विद्यापीठं उभी राहतायत, जुनी वाढतायत, कुणीतरी त्यांचे पाइप टाकतंच असणार ना.

तर आता एक मेल आलाय. बाणेरच्या एका मोठ्या हॉटेलात दिवसभराचा कार्यक्रम आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांची मंडळी येऊन पुढच्या पाच वर्षांत कॅम्पसवर काय काय बांधणार ते सांगणार, मग जेवण, मग 'नेटवर्किंग'. बांधकाम आणि प्रॉपर्टी क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. माणशी दहा हजार अधिक जीएसटी. स्टॉल लावायचा तर आकडा वेगळा, तो मी विचारलासुद्धा नाही.

जावं का? असल्या ठिकाणाहून कुणाला खरंच काम मिळालंय का? अनुभव असलेल्यांनी लिहा, नसलेल्यांनीही लिहा, नाहीतरी लिहिणारच आहात.

सदाशिवपेठी

दहा हजारांत जेवण आहे म्हणता, तर गोड काय आहे ते आधी विचारून घ्या.

खडकीकर

आणि पार्किंग फुकट आहे का तेही.

ओळंबा

थट्टा बाजूला ठेवून लिहितो. या धंद्यात केस पांढरे झालेत.

सार्वजनिक विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ यांचा हिशेब एकत्र करू नकोस. सार्वजनिक विद्यापीठात काय बांधायचं हे कुणा एकाच्या मर्जीवर नसतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार इमारत व बांधकाम समिती असते, तिच्यावर व्यवस्थापन परिषद, आणि पैशाची तरतूद अर्थसंकल्पात. तो अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, सदस्य त्यावर घसा कोरडा करतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की हॉस्टेलला इतके, दुरुस्तीला इतके. म्हणजे तुला दहा हजार घेऊन जे सांगणार आहेत त्यातलं निम्मं आधीच जाहीर आहे.

पुढे ई-टेंडर. पात्रतेत बसलास आणि दर सर्वांत कमी असला तर काम तुझं, नसला तर नाही. हॉटेलात कुणाबरोबर फोटो काढला याला तिथे कॉलम नाही.

खरी अडचण पात्रतेची आहे. 'मागील अमुक वर्षांत तत्सम काम पूर्ण केल्याचा दाखला', उलाढाल, सॉल्व्हन्सी म्हणजे पत असल्याचा दाखला. तुझ्याकडे सगळे दाखले बिल्डरांचे असणार. चार कोटींचं हॉस्टेल एकत्रित निघालं, सिव्हिल-प्लंबिंग-फायर सगळं एका पोटात, तर तू टेंडर भरूच शकणार नाहीस. भरणार मुख्य ठेकेदार, आणि तुझ्यासारख्यांना तो आपल्या खाली घेणार. तेव्हा ओळख करायची ती त्याच्याशी. कुलसचिवांशी करून काय करशील?

एमईपीवाला

काका, हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आणि खासगीत?

ओळंबा

खासगीत अध्यक्ष. बाकी कुणी नाही.

गवंडीपुत्र

ओळंबाकाकांच्या वरच्या ओळीला माझे दोन पैसे. पुण्याबाहेरच्या एका खासगी कॅम्पसवर (नाव घेत नाही, अजून पैसे यायचेत) आम्ही ब्लॉकवर्क आणि प्लास्टर केलं. टेंडर नाही, कटकट नाही, तीन कोटेशनं मागवली आणि अध्यक्षांनी बोट ठेवलं. काम सुरू असताना एकदम राजेशाही. रनिंग बिलं पंधरवड्यात.

मग ॲडमिशनचा हंगाम गेला आणि बिलं थांबली. अकाउंट्सवाला म्हणे 'साहेब दौऱ्यावर आहेत'. शेवटच्या बिलाला तर कमाल झाली. आमच्या वडिलांना विचारलं, घरात कुणी बारावीला आहे का? असेल तर फीमध्ये वळतं करून घेऊ.

सदाशिवपेठी

मग केलंत का वळतं?

गवंडीपुत्र

धाकटी बारावीला होती. तिने निक्षून सांगितलं, त्या भिंती दादाने बांधल्यात, मी तिथे बसणार नाही.

खडकीकर

😂😂 दंडवत घ्या बहिणीला.

रेक्टरचा_लाडका

कॅम्पस विकासाबद्दल ज्यांच्यासाठी विकास करतात त्यांचंही ऐका. मी शहरातल्या एका हॉस्टेलला पॅरासाईट होतो. पुण्याबाहेरच्यांसाठी: ज्याला खोली मिळालेली नाही पण जो मित्राच्या खोलीत गादी टाकून राहतो तो पॅरासाईट. दोघांच्या खोलीत आम्ही चौघं. तपासणी आली की गादी गॅलरीत आणि आम्ही रीडिंग रूममध्ये.

अगदी नवी कोरी इमारत, गच्चीवर सोलरचे पॅनल ओळीने मांडलेले, उद्घाटनाचे फोटो त्यांच्यापुढे काढलेले. पण तळमजल्यावर पहाटे नळ सोडला की बादली भरून गार पाणी वाहून जायचं, दुसरी बादली कोमट, आणि गरम यायला लागेपर्यंत लेक्चरची वेळ. वरच्या मजल्यावरचे लोक मात्र वाफाळत आंघोळ करणार. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांशी केवळ बाथरूमसाठी मैत्री ठेवायची.

एमईपीवाला

@रेक्टरचा_लाडका, तुमच्याकडे रिटर्न लाइन दिलेली नसणार. रात्रभर उभ्या पाइपात पाणी थांबतं आणि गार होतं. सकाळी तेवढं सगळं रिकामं झाल्याशिवाय टाकीतलं गरम पाणी खाली पोचत नाही. वरच्यांचा पाइप लहान, म्हणून त्यांची चैन. एक परतीची लाइन, छोटा पंप आणि पाइपाला नीट इन्सुलेशन एवढंच लागतं. अख्ख्या इमारतीच्या खर्चात ही रक्कम दिसतसुद्धा नाही, पण बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामाच्या बाबींच्या आणि मापांच्या यादीत, ओळ नसेल तर ठेकेदार स्वतःच्या खिशातून कशाला टाकेल?

रेक्टरचा_लाडका

म्हणजे इतक्या वर्षांनी मला कळतंय की दोष माझ्या नशिबाचा नव्हता.

निवृत्त_उपअभियंता

वरची चर्चा वाचून राहवलं नाही.

एमईपीवाला यांनी नेमकं बोट ठेवलं आहे. बीओक्यू तयार करतो सल्लागार वास्तुविशारदाच्या हाताखालचा सेवा सल्लागार, आणि बहुतेक वेळा जुन्या कामाचीच प्रत पुढे सरकते. आम्ही अंदाजपत्रक तपासताना दर बघायचो, दरसूचीशी ताडून बघायचो. एखादी बाब राहिली आहे हे कागदावर दिसत नाही, ते जागेवर राबलेल्या माणसालाच दिसतं. तेव्हा तुमच्यासारख्यांनी अशा सल्लागारांना जाऊन भेटावं. 'काम द्या' म्हणून जाऊ नये, 'तुमच्या मागच्या हॉस्टेलात पाणी गार का येतं ते दाखवतो' म्हणून जावं.

दुसरं, इलेक्ट्रिकल करता म्हणालात. शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना आहे ना? हाऊसिंगमध्ये दुसऱ्याच्या परवान्यावर कामं चालतात हे मला ठाऊक आहे. इथे ते टेंडरच्या पहिल्याच पाकिटात, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीत, अडकेल.

एमईपीवाला

परवाना आहे सर, स्वतःचा. नूतनीकरण बघावं लागेल.

तळजाईवरून

सगळे पाइप आणि बिलांवर आलेत, मूळ मुद्दा कुणीच काढत नाही. कॅम्पसवर इतकं बांधायचं तरी कशाला?

गणेशखिंडीतला पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. औंध, बाणेर, पाषाण, शिवाजीनगर यांच्या मधोमध एवढी सलग झाडी दुसरीकडे कुठे उरली आहे? तिथली मोठी झाडं विद्यापीठाहून जुनी आहेत. विद्यापीठ १९४९ चं, मुख्य इमारत त्याआधी गव्हर्नरचा बंगला होती. इथे चंदनाची झाडंही आहेत, म्हणजे चोरांनी ठेवली तेवढी आहेत. आराखडा काढणाऱ्याच्या नकाशावर ही सगळी 'मोकळी जागा' असते.

कायदा नाही असंही नाही. १९७५ चा वृक्ष कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा वृक्ष धरतात, आणि तोडलंच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्यातून शाळा-कॉलेज-हॉस्टेलना मिळालेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. हॉटेलातल्या स्लाइडवर हे येणार आहे का, तेवढं विचारून या.

ओळंबा

ताई, झाडं मलाही आवडतात. पण वर तो मुलगा गॅलरीत गादी लपवून शिकला. त्याला कुठे ठेवायचं? वारज्याला पीजीत ठेवून रोज दोन बसने आणायचं?

तळजाईवरून

काका, मी हॉस्टेलच्या विरोधात नाही. एक मजली, दोन मजली जुन्या इमारती पसरून ठेवल्यात, त्यांच्याच जागी उंच बांधा. पार्किंगच्या फरसबंदीवर बांधा. नवीन विभाग निघाला की नवीन तुकडा साफ करायचा, ही सवय मोडा.

चिरेबंदी

मी आर्किटेक्ट, म्हणून दोन्हीकडून शिव्या खाणारी. @तळजाईवरून यांच्याशी बरीचशी सहमत.

आपल्याकडे कॅम्पसचा आराखडा म्हणून जो रंगीत कागद येतो तो पुष्कळदा विभागप्रमुखांच्या मागण्यांची बेरीज असते. प्रत्येकाला आपली वेगळी इमारत, तिला वेगळं प्रवेशद्वार आणि पुढे कारंजं. सांडपाणी कुठे जाणार, विजेचा भार किती वाढणार, ड्रेनेजचा उतार कुठल्या दिशेला, हे विचारलं की 'ते नंतर बघू'. नंतर म्हणजे रस्ता झाल्यावर. मग तोच रस्ता खणायचा.

याच परिसरात उलटं उदाहरण उभं आहे. आयुका, खगोलविज्ञानाची संस्था. ती १९८८ ची, इमारत चार्ल्स कोरियांची. काळ्या दगडाच्या भिंती, आणि सगळ्या खोल्या चौकांभोवती अशा बसवलेल्या की ऊन, सावली आणि वारा यांची सोय भिंतीच करतात. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक आहे. विज्ञानाची संस्था असूनही तिथे नुसतं बसावंसं वाटतं. माझ्या विद्यार्थ्यांना नेलं की मी त्यांना पुतळे नंतर बघायला सांगते. आधी पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते शोधा म्हणते.

एमईपीवाला, तुम्हाला सांगायचं ते हे: मुख्य प्लॅन ठरवतानाच सेवांचा माणूस टेबलावर हवा. आम्ही त्याला शेवटी बोलावतो आणि मग बीममधून पाइप कसा न्यायचा यावर भांडतो. तुमच्या त्या कार्यक्रमात आर्किटेक्ट फर्म्स येणार असतील तर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे. नुसत्या कुलगुरूंच्या भाषणासाठी जाऊ नका.

खडकीकर

आराखडे कितीही करा, विद्यापीठ चौक ओलांडून आत पोचलात तर विकास. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उड्डाणपूल पाडला, मग मेट्रो, मग दुमजली पूल. या सगळ्या काळात एक माणूस पीएचडी करून बाहेरसुद्धा पडला असेल.

सदाशिवपेठी

बाहेर पडला असेल, चौकात अडकला असेल.

संपादक

वृक्षतोड आणि विद्यापीठ चौकाची वाहतूक यांवर स्वतंत्र धागे आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

लीड्सकर

इकडून लिहिते. मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे, म्हणजे बांधकामाच्या मापांचा आणि खर्चाचा हिशेब करणारी, शिक्षण पुण्यातलं, नोकरी लीड्सला. असले कार्यक्रम इथे नेहमी होतात, तुमच्या बाणेरवाल्यांनी बहुतेक इथूनच उचललंय. सकाळी नाश्ता, मग चार विद्यापीठांचे इस्टेट डायरेक्टर एकामागून एक उभे राहतात: इतक्या वर्षांत ही लॅब, हे नूतनीकरण, अंदाजे खर्च इतका, आणि काम कुठल्या पद्धतीने देणार. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बरीच कामं आधीच निवडून ठेवलेल्या ठेकेदारांच्या यादीतून जातात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. यादीत नसाल तर तुम्ही कितीही कार्डं वाटा. म्हणून छोटे लोक यादीतल्या मोठ्यांना गाठायला येतात. ओळंबाकाका म्हणतात तेच, फक्त हातात कॉफी.

प्रॉपर्टीवाले का येतात तेही सांगते. मँचेस्टर विद्यापीठाचा जुना उत्तरेकडचा कॅम्पस आहे, पिकॅडिली स्टेशनजवळ, पूर्वी तिथे युमिस्ट ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था होती. तो आधी 'आयडी मँचेस्टर' आणि आता 'सिस्टर' नावाने विकसित होतोय, आणि त्यासाठी विद्यापीठाने २०२१ मध्ये ब्रंटवूड सायटेक या प्रॉपर्टी कंपनीशी भागीदारी केली. विद्यापीठाची जमीन, कंपनीचं भांडवल, त्यात ऑफिसं, लॅब, घरं. अशा वेळी विद्यापीठ तुमचं गिऱ्हाईक कमी आणि जमीनमालक जास्त असतं.

एक सावधगिरी. पडद्यावर दाखवलेलं सगळं बांधलं जात नाही. जानेवारी २०२४ पासून इथे मास्टर्सच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बंदी झाली, विद्यार्थी घटले, फीचे पैसे घटले, आणि नव्या इमारती कपाटात गेल्या. आता जोर दुरुस्तीवर आहे. तेव्हा 'नवीन काय बांधणार' याच्या बरोबरीने 'जुन्याचं काय करणार' हेही विचारा.

निवृत्त_उपअभियंता

लीड्सकर यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. आपल्याकडे महापालिका कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. पुण्यातल्या किती कॉलेजांच्या इमारती त्याहून जुन्या आहेत ते बघा. तिथलं प्लंबिंग, वायरिंग, अग्निशमन सगळं बदलायला आलेलं आहे. ही कामं लहान असतात, स्वतंत्र निघतात, मोठे ठेकेदार त्यांत लक्ष घालत नाहीत. आणि 'तत्सम काम पूर्ण केल्याचा दाखला' नेमका इथेच मिळतो. पाच लाखांच्या फायर लाइनच्या दाखल्यावर पुढचं काम मिळतं.

ओळंबा

हे मी लिहायला हवं होतं. सर, नमस्कार.

ताळेबंद

सीए आहे, त्यामुळे रसभंग करतो.

उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असली की टेंडरसोबतची बयाणा रक्कम माफ, अशी समजूत आहे. ती सवलत मुळात माल आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकाम कंत्राटात ती मिळेलच असं धरून चालू नका, टेंडरची अट वाचा.

दुसरं, आयकरातला लघु उद्योगांच्या देण्यांचा नियम, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, मुदत चुकली आणि वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. बिल्डर आणि ठेकेदार कंपन्या मार्चमध्ये याला घाबरतात. ट्रस्टचं उत्पन्न मुळात करमुक्त असेल तर त्याला कसली भीती? त्यामुळे गवंडीपुत्र यांच्या अध्यक्षांना या कलमाने झोप उडणार नाही. पण तुम्ही मुख्य ठेकेदाराच्या खाली काम घेतलंत तर देणारा तो आहे, आणि त्याला हे लागू आहे. करार लेखीच करा.

गवंडीपुत्र

आमचा करार व्हॉट्सअॅपवर आहे. अंगठ्यासकट.

एमईपीवाला

सगळ्यांचे आभार. काल आयोजकांना फोन करून विचारलं की कोण कोण येणार आहे. आधी 'गोपनीय' म्हणाले, मग 'निर्णय घ्यायचा असेल तर पाठवतो' म्हणाले. यादीत फर्निचरवाले, प्रोजेक्टरवाले, हजेरीचं सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ आहेत. आर्किटेक्ट फर्म्स मोजक्या. मुख्य ठेकेदार एकच, आणि त्यांच्याकडून येणार मार्केटिंगचा माणूस. विद्यापीठांच्या बाजूने बहुतेक प्रवेश विभागाची मंडळी.

चिरेबंदी

प्रवेश विभाग? म्हणजे तुम्हाला ॲडमिशन विकणार आहेत.

ओळंबा

मग जाऊ नकोस. त्यापेक्षा फुकटचं सांगतो. कुठल्याही विद्यापीठाच्या मोठ्या टेंडरची प्री-बिड मीटिंग बघ, म्हणजे टेंडर भरण्याआधी शंका विचारायची बैठक. तारीख टेंडर नोटिशीतच असते. आता काही ऑनलाइन होतात त्या सोड, प्रत्यक्ष असेल तिथे जा. काम घेऊ इच्छिणारे सगळे मुख्य ठेकेदार त्या एका खोलीत असतात, आणि मार्केटिंगचा माणूस न पाठवता टेंडर भरणारा इंजिनिअर पाठवतात. हजेरीचा कागद फिरतो: कंपनी, नाव, मोबाईल. मागच्या रांगेत बस आणि कोण कुठल्या अटीवर प्रश्न विचारतोय ते ऐक. प्लंबिंगच्या बीओक्यूबद्दल जो विचारेल त्याच्याकडे माणूस नाही असं समज. बाहेर आल्यावर त्याला चहा पाज.

सदाशिवपेठी

काका, हे तुम्ही फुकट का सांगताय? माणशी दहा हजार घ्या की.

निवृत्त_उपअभियंता

प्री-बिडला आम्ही कुणालाही उठवलं नाही, हे मी त्या टेबलापलीकडून बसलेला माणूस म्हणून सांगतो. फक्त टेंडरचा कागद आधी वाचून जा. न वाचता आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

एमईपीवाला

ठरलं. तिकीट नाही. पोर्टलवर एका हॉस्टेलचं टेंडर दिसतंय, प्री-बिड पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला. बीओक्यू उतरवून घेतलाय आणि पहिली गोष्ट शोधली ती गरम पाण्याची रिटर्न लाइन. नाहीये.

रेक्टरचा_लाडका

गुरुवारी तुमच्या बरोबर येऊ का? साक्षीदार म्हणून.

ओळंबा

तो प्रश्न भर मीटिंगमध्ये विचारू नकोस. तिथे विचारलास तर शुद्धिपत्रक निघेल आणि सगळ्यांनाच कळेल. आधी बाहेर चहावर, ठेकेदाराला.

तळजाईवरून

म्हणजे मुलांना गरम पाणी मिळण्यापेक्षा तुम्हाला काम मिळणं महत्त्वाचं?

निवृत्त_उपअभियंता

ताई बरोबर बोलल्या. मीटिंगमध्ये विचारा, लेखी द्या. शुद्धिपत्रक निघू दे.

एमईपीवाला

लेखी देतो. चहा त्यानंतर.